केबलीतलं खोबरेल

आमच्या इथल्या मराठी मंडळानं यंदा स्मरणिका काढली. तीत माझ्या वडिलांवर दीड पानाचा लेख आहे. लिहिणाऱ्यानं बाबांना कधी पाहिलेलंही नाही, पण लिहिलंय असं की जणू रोज त्यांच्या पंगतीला बसत होता. त्यात एक वाक्य आहे, 'आयुष्यात एकदाही त्यांनी खोट्याची बाजू घेतली नाही.' कार्यवाह अंक घेऊन घरी आले, चहा प्याले आणि निघताना म्हणाले, "काका, पुढच्या अंकासाठी तुम्ही पण दोन शब्द लिहा ना बाबांबद्दल." ते गेल्यावर मी ते पान टराटरा फाडलं. बायको आतून धावत आली. "अहो, काहून फाडून राहिले? बाबांचा फोटो आहे त्याच्यावर!" फोटो आहे म्हणूनच फाडला, हे मी तिला सांगितलं नाही. गेल्या पन्नासहून जास्त वर्षांत मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. आता दोन शब्दच मागितलेत, तर घ्या.

आम्ही तेव्हा इथंच, या हिंदी मुलुखातल्या शहरात, अधारतालच्या बाजूला एका सरकारी क्वार्टरात राहायचो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे फरशीचं अंगण आणि अंगणाला कमरेएवढी भिंत. बाबा एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता, पाटनच्या शाळेत गणित शिकवायचा. मी कॉलेजात होतो, म्हणजे नाव घातलेलं होतं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की घर जागं व्हायचं. आईच्या बंबात पाणी खदखदायला लागायचं, बाबा ओसरीवर मोठ्यानं खाकरायचे, भिंतीपलीकडून मिसराइन चाचीची बादली वाजायची. थंडीत मटार येऊन पडायचे, इतके की आई, दादा आणि मी अंगणात उन्हाला बसून टोपलीभर सोलायचो आणि सोलता सोलता निम्मे खायचो. आई मटारची उसळ करायची, चाची पलीकडे गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेच्या जाड रोट्या, भाजायची, आणि वाटी-थाळीची देवाणघेवाण भिंतीवरूनच व्हायची. भरीत मात्र दोघींचं एकच असायचं, फक्त आमच्यात दाण्याचा कूट आणि त्यांच्यात सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल.

तेलावरून आमची मोठी थट्टा व्हायची. तिकडचे सगळे डोक्याला, अंगाला, भाजीला सरसूचं तेल वापरायचे. गल्लीत डोक्याला खोबरेल लावणारं घर आमचं एकटंच. थंडी पडली की ते बाटलीत गोठून पांढरंफेक व्हायचं, मग आई रोज सकाळी ती काचेची बाटली अंगणाच्या भिंतीवर उन्हात ठेवायची. दुपारपर्यंत तेल पाण्यासारखं पातळ व्हायचं, संध्याकाळी पुन्हा गोठायचं. चाची भिंतीपलीकडून विचारायची, "भौजी, ये तेल है कि मोमबत्ती? बत्ती डाल दो, रात को उजाला भी हो जाएगा!" आई हसायची. मीही हसायचो. मी त्या बाटलीबद्दल इतकं लिहून राहिलोय ते उगाच नाही. मी ती बाटली लहानपणापासून प्रत्येक थंडीत, प्रत्येक सकाळी पाहिली होती. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

घरात मोटारसायकल होती. काळी, जड, बाबांनी कचेरीतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. चालवायचा मात्र दादाच. तो तिला रोज पुसायचा, आणि मला हात लावू द्यायचा नाही. "आधी पास होऊन दाखव," असं म्हणायचा. तिचं सगळं काम छेदीलाल मिस्त्रीकडे असायचं. महाराजपुरच्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पाट आणि झाडाच्या फांदीला टांगलेली टायरं. छेदीलाल दादाहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. बारीक, गालफडं बसलेला, आणि फार कमी बोलणारा. तो यंत्राशी बोलायचा, माणसाशी नाही. बाबांनी त्याला शब्द दिला होता. कचेरीच्या गाड्यांच्या शेडमध्ये मिस्त्रीची कायम जागा निघाली होती, आणि बाबांनी छेदीलालच्या नावाची शिफारस करून फाइल वर पाठवली होती. म्हणून तो आमची बारीकसारीक कामं हसत करायचा. त्याला कडुनिंबाखालून उठून छपराखाली जायचं होतं. लग्न झालेलं होतं, दोन पोरी होत्या. इतकंच त्याचं मागणं होतं.

त्या रविवारी दादा म्हणाला, "अरुण्या, एक्सीलेटर लय जड होऊन राहिला बे. मनगट दुखते पाटनला जाऊन. छेदीलालकडे घेऊन जा, केबलला तेल घालून आण. सीधा जायचं, सीधा यायचं. समजलं?"

मी सीधा गेलो नाही. चावी हातात आली आणि माझं डोकं फिरलं. मी गाडी घेऊन महाराजपुर ओलांडलं आणि सरळ सिहोऱ्याच्या रस्त्याला लागलो. मूठ खरंच जड होती, वळवायला जोर लागायचा आणि सोडली की हळूच, नाराजीनं मागे यायची. तरी मी दोन-अडीच तास फिरलो. परत आलो तेव्हा छेदीलालच्या पेटीला कुलूप होतं, रविवारी तो अर्ध्या दिवसानं घरी जायचा. घरी काय सांगायचं? आई आणि बाबा कुणाच्या तरी बारशाला गेले होते, दादा आत झोपला होता. मी ठरवलं, आपणच करू.

छेदीलालला मी हे काम करताना दहादा पाहिलं होतं. केबल म्हणजे बाहेरून नळी आणि आत सरकणारी तार. तो तिचं वरचं टोक मुठीतून सोडवायचा, टोकाला कागदाचा कोन दोऱ्यानं बांधायचा, कोनात पातळ मशीनचं तेल ओतायचा आणि तार वर-खाली करत राहायचा. खालच्या टोकातून तेल टपकलं की काम झालं. मी सगळं तसंच केलं. वहीचा कागद, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा. शिवणयंत्राच्या तेलाची कुप्पी हलवली तर रिकामी. आणि समोर भिंतीवर, उन्हात, पातळ होऊन चकाकणारी खोबरेलाची बाटली.

तेल ते तेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी विचारच केला नाही. हात लांबवला, बाटली घेतली, ओतलं. तार अशी सरकायला लागली की बघत राहावं. केबल पुन्हा बसवली, मूठ फिरवली, सोडली. टक्‌कन मागे आली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी एकटाच अंगणात हसलो. संध्याकाळी दादानं एक चक्कर मारली. गाडी दुपारभर उन्हात उभी होती, इंजिन गरम होतं, मूठ लोण्यासारखी चालली. "वा! छेदीलालच्या हातात जादू आहे," दादा म्हणाला. मी म्हटलं, "हो ना." पहिलं खोटं एवढंच होतं. दोन शब्दांचं.

सोमवार, मंगळवार दादा नेहमीसारखा दहाला निघाला, अंगणात ऊन आल्यावर. मंगळवारी रात्री जेवताना म्हणाला, "थंडीत मूठ जराशी आळसते." मी ताटात बघत म्हणालो, "थंडीनं होतं." ही दोन वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आलोय. तेव्हा तोंड उघडलं असतं तर केबल बदलायला अर्धा तास लागला असता.

बुधवारी शाळेत सहामाही परीक्षा होती. दादाला लवकर पोचायचं होतं, म्हणून तो भोंग्याच्याही आधी निघाला. त्या सकाळी असं गारठलं होतं की अंगणातल्या बादलीच्या कडेला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटत होतं. आईनं त्याच्या खिशात गरम दशम्या बांधून दिल्या. पाटनच्या रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे, समोर मटारच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली हळूहळू चालली होती. दादानं मूठ सोडली. ब्रेक दाबूनही गाडी थांबेना. त्यानं मूठ हातानं उलटी फिरवली, ती फिरली, पण आतली तार जिथं होती तिथंच रुतून बसली. नंतर इस्पितळात तो तेवढंच बोलत राहिला. "मी बंद केलं होतं. आईशपथ, बंद केलं होतं. क्लच दाबला तर इंजिन किंचाळलं, मी घाबरून सोडला." उजवा गुडघा ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळला. मटार रस्ताभर सांडले, असं ट्रॉलीवाला सांगत होता. माणसाचा पाय मोडला आणि तो मटार मोजत होता. त्याचाही मला राग येतो. मला तेव्हाच्या सगळ्यांचा राग येतो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आपली सगळी मराठी मंडळी जमली. प्रत्येकजण विचारत होता, "कसं झालं हो? गाडी तर आत्ताच दुरुस्त केली होती ना?" बाबा सगळ्यांना सांगत होते, "रविवारीच. छेदीलालनं केबलला तेल घातलं म्हणे." कुणीतरी म्हणालं, "मग त्यानंच गडबड केली." दुसऱ्यानं डोकं हलवलं. तिसरा म्हणाला, "या लोकांना यंत्रातलं काय कळतं? ठोकपीट नुसती." मी खांबाला टेकून उभा होतो. खरं सांगतो, तेव्हापर्यंत मला खोबरेल सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, मी केबल नीट बसवली नसेल. मी गप्प होतो, कारण मला भीती वाटत होती. नुसती, साधी, पळपुटी भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी छेदीलाल आमच्या अंगणात आला. ठेल्यावर टाकून आणलेली गाडी भिंतीच्या सावलीत पडली होती. त्यानं बाबांना नमस्कार केला, दादाची विचारपूस केली, मग पेटी उघडून बसला. मुठीपासून केबल सोडवली आणि आतली तार पकडून ओढली. येईना. पक्कडीनं ओढली तेव्हा ती कुरकुरत बाहेर आली, आणि तिच्यावर पांढरा, मेणासारखा थर होता. छेदीलालनं तो बोटावर घेतला. हुंगला. परत हुंगला. मग उठला आणि बोट बाबांच्या समोर धरलं.

"बड़े बाबू, ये मेरा काम नहीं है।"

"क्या मतलब?"

"इतवार को ये गाड़ी मेरे पास आई ही नहीं। और इसमें नारियल का तेल है। जम गया है। हमारे घर में तो सरसों चलता है, पूरे मोहल्ले में सरसों चलता है। आप सूँघ लीजिए।"

बाबांनी तार हातात घेतली. नाकाशी नेली. मी दारात उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी तार खाली केली आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बाटली होती, नुकतंच ऊन लागलेली, कडेनं पातळ आणि मधे अजून पांढरी. बाबा त्या बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याहून स्पष्ट कबुली माणूस देऊ शकत नाही. बाबांना सगळं कळलं. ते एका क्षणात झालं आणि मी ते पाहिलं. म्हणून तो दीड पानाचा लेख वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबांनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली, आणि म्हणाले, "अब बातें मत बनाओ, छेदीलाल।"

"बड़े बाबू, बातें नहीं बना रहा। भैया से पूछ लीजिए, इतवार को कहाँ ले गए थे गाड़ी।"

'भैया' म्हणजे मी. छेदीलालनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहत होता तो. भिंतीपलीकडे मिसराइन चाचीची बादली वाजायची थांबली होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली होती, पदर तोंडाशी धरून. बाबा म्हणाले, "अरुण, बोल. कुठे नेली होतीस?"

मी म्हणालो, "छेदीलालकडे."

छेदीलालनं पेटी बंद केली. कडी लावली. फाटकापाशी थांबून मात्र त्यानं बोटावरचा तो पांढरा थर आमच्या भिंतीला पुसला आणि गेला.

त्याच दुपारी बाबांनी मला टेबलाशी बसवलं. लिहायला मी. माझं हिंदी अक्षर सुरेख होतं, शाळेत बक्षीस मिळालं होतं. शेडच्या जागेसाठी जी शिफारस त्यांनी केली होती, ती मागे घेत असल्याचा अर्ज. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'घोर लापरवाही' हे शब्द त्यांचे. 'जिससे मेरे पुत्र की जान जाते-जाते बची' हे वाक्य मात्र माझं, मी सुचवलं आणि बाबा म्हणाले, "हं, छान आहे." हे कुणाला माहीत नाही. मी नुसता हुकमाचा ताबेदार नव्हतो. मी त्या कागदाला पॉलिश केलं.

बाबांनी सही केली. मग म्हणाले, "दोन पोरं आहेत मला. एक लंगडा होणार. दुसऱ्यानं केला, असं लोकांनी म्हणायचं का? घरातलं घरात राहू दे." एवढंच. पुन्हा मरेपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. मला वाचवलं, असं त्यांना वाटलं असेल. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला तिथंच चार थोबाडीत मारा, पण असं वाचवू नका. खोटं आहे हेही. विचारलं असतं तर मी वाचलो म्हणून आनंदलोच असतो. राग आता येऊन राहिला, म्हातारपणी, जेव्हा त्याचा काही उपयोग नाही.

छेदीलालची फाइल परत आली, जागा दुसऱ्याला गेली. ते तर झालंच, पण आपल्या लोकांनी त्याहून जास्त केलं. हळदीकुंकवाला, गणपतीत, लग्नाच्या मांडवात ही गोष्ट घराघरात गेली. मराठी घरांतल्या गाड्या कडुनिंबाखाली जायच्या बंद झाल्या. "त्या छेदीलालकडे नका नेऊ, वसंताचा पाय त्यानंच घालवला," हे मी स्वतः किती वेळा ऐकलं आणि वर मानही डोलावली. दोन वर्षांत ते झाड मोकळं झालं.

दादा आयुष्यभर लंगडत चालला. आई रोज संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची. खोबरेल. थंडीत गोठलेलं असायचं, मग ती मला हाक मारायची, "अरुण, बाटली जराशी गरम पाण्यात धर रे." मी धरायचो. तेल पातळ होताना बघायचो आणि तिच्या हातात द्यायचो. तिनं त्या दिवशी उंबऱ्यावरून सगळं पाहिलं होतं, तरी ती मलाच हाक मारायची. शिक्षा होती की नुसतं काम, मला कधी कळलं नाही. आणि दादा, ज्याला मी एकदाही सांगितलं नाही, तो पाय लांब करत म्हणायचा, "साला छेदीलाल." चार वर्षांपूर्वी दादा गेला. हेच म्हणत गेला असेल.

स्मरणिका फाडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि महाराजपुरला गेलो. तिथं आता कॉलन्याच कॉलन्या आहेत, कडुनिंबाचा पत्ता नाही. विचारत विचारत घर सापडलं. छेदीलाल जिवंत होता. ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसला होता, डोळ्यांवर जाड चष्मा, हात मात्र तसेच, नखांच्या कडेला काळे. धाकटी मुलगी शेजारी मेथी निवडत होती. मी नाव सांगितलं. "बड़े बाबू का छोटा," असं तो स्वतःशीच म्हणाला. बस म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रविवार, सिहोऱ्याचा रस्ता, बाटली, कागदाचा कोन. मुलीचे हात थांबले.

"कोन धागे से बाँधा था?" त्यानं विचारलं.

"हाँ।"

"काम तो ठीक सीखा था।" मग म्हणाला, "तेल का तो मुझे उसी दिन से मालूम है। एक बात कभी समझ नहीं आई। साहब ने वो चिट्ठी मुझे पढ़के सुनाई थी, दिखाई भी थी। बड़े बाबू की लिखावट मैं पहचानता था। वो उनकी नहीं थी।"

"मेरी थी."

त्यानं चष्मा काढला. माझ्याकडे बघायला नव्हे, पुसायला. पुसत राहिला. मी म्हणालो, मी हिंदीत लिहून देतो, सही करून, कचेरीत, वर्तमानपत्रात, जिथं म्हणाल तिथं देतो. तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"मुझे लिखके क्या दोगे? मुझे नहीं मालूम क्या? मेरी लड़कियों को नहीं मालूम? हमारे मोहल्ले ने तो एक दिन नहीं माना। माना किसने? तुम्हारे लोगों ने। तुम्हारे घरों में चली वो बात, तुम्हारी बोली में। तो जाओ, उन्हीं को बताओ। अपनी बोली में बताओ। और मेरा नाम पूरा लिखना।"

मी पायाला हात लावायला वाकलो, तर त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "धूप मत रोको," म्हणाला. मी त्याच्या उन्हात उभा होतो. बाजूला झालो आणि परत आलो.

त्या वेळचा कागद एक पानभर होता. खरं लिहायला इतकंही लागत नाही. त्या मोटारसायकलीच्या केबलीत गोठणारं तेल मी घातलं. माझ्या वडिलांना ते माहीत होतं. छेदीलाल विश्वकर्मा यांनी त्या रविवारी त्या गाडीला हातही लावला नव्हता. कार्यवाह, माझे दोन शब्द हे आहेत. छापा. आणि ज्या पानावर माझ्या वडिलांचा फोटो छापला होता, त्याच पानावर छापा.